नागपुरात मुलांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन: 14 वर्षांचा अनुभव (प्रश्न जरूर विचारा)

अंबाझरी_काठ (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात इथल्याच एका सभासदाने व्यनि (खासगी निरोप) केला. भाची नागपूरजवळच्या वाडीला राहते, मानसशास्त्रात एम.ए. करते आहे, तिला किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करायचं आहे. नागपुरात राहून यात काही होतं का, की पुणे-बंगळूर गाठावंच लागतं? उत्तर लिहायला बसले ते संपेचना. म्हणून धागा काढते आहे.

मी नागपूरच्या महाल भागात वाढले. लहानपणी आमच्या वाड्यात कोणी जास्त मस्ती केली की मोठी माणसं म्हणायची, "मानकापूरला नेऊन टाकीन." मानकापूरला म्हणजे प्रादेशिक मनोरुग्णालयात. 1864 साली ते सुरू झालं. राज्यात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी चारच जुनी रुग्णालयं, त्यातलं एक आपल्या गावात. आणि आपण त्या नावाचा उपयोग पोरांना धाक दाखवायला केला. एम.ए.ला असताना पहिल्यांदा त्या फाटकातून आत गेले, तेव्हा बाहेर बाकावर बसलेली माणसं पाहिली. कोणी कामठीहून आलेलं, कोणी उमरेडहून, हातात डब्याची पिशवी. त्यातल्या कितीतरी जणांचा त्रास शाळेत असतानाच सुरू झाला होता आणि इथे यायला पुढची दहा-बारा वर्षं गेली होती. मला शाळेतल्या मुलांकडे वळावंसं वाटलं ते त्या बाकामुळे.

संशोधन म्हटलं की लोकांना आकडे आणि आलेख दिसतात. माझं पहिलं वर्ष मात्र एका शब्दात गेलं.

नैराश्य तपासायला जगभर पीएचक्यू-9 नावाचा फॉर्म वापरतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. प्रत्येकाला चार पर्याय: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन गुण, एकूण 27. किशोरवयीन मुलांसाठी त्याचं वेगळं रूप आहे. त्याचं मराठी करून आम्ही एका शाळेत नववीच्या वर्गात गेलो. दुसऱ्या प्रश्नात "उदास" हा शब्द होता. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, उदास म्हणजे संध्याकाळी वाटते ते का?"

वर्गातलं कोणीच हसलं नाही, कारण बाकीच्यांनाही तोच प्रश्न पडला होता. त्यांच्या बोलण्यात "उदास" नव्हताच. तो पुस्तकातला शब्द. त्यांच्याकडे होतं "करमत नाही", "मन लागून नाही राहिलं", "जीव घाबरा होते", "डोकं जाम झालं", आणि सगळ्यावर पांघरूण घालणारं "टेन्शन". मग आम्ही सगळा मसुदा बाजूला ठेवला. एकाने मराठी करायचं, मूळ फॉर्म न पाहिलेल्या दुसऱ्याने त्याचं परत इंग्रजी करायचं, दोन्ही ताडून पाहायचं, ही रीत सगळेच पाळतात. आम्ही त्याच्यापुढे जाऊन एकेका मुलाजवळ बसलो आणि एकेका प्रश्नावर विचारलं, "तुला यातून काय समजलं, तुझ्या शब्दांत सांग." यात सात महिने गेले. त्या सात महिन्यांचा एकही शोधनिबंध झाला नाही. पण पुढचं माझं सगळं काम त्यावर उभं आहे.

दुसरी गोष्ट लिहायला मला अजूनही जड जातं. फॉर्ममधला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. एका दिवशी अकरावीच्या 60 मुलांचे फॉर्म भरून घेतले, पिशवीत टाकले, गाडीला किक मारली आणि घरी आले. जेवण झाल्यावर आकडे भरायला बसले तर एका फॉर्मवर नवव्या प्रश्नाला "जवळजवळ रोज". रात्रीचे साडेनऊ वाजले होते. फॉर्मवर नाव नाही, फक्त क्रमांक. क्रमांक आणि नावांची यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात. शाळा बंद. सरांना फोन लावला, ते स्वतः शाळेत गेले, यादी पाहिली, मुलाच्या घरी फोन केला. मी रात्रभर जागी होते. सकाळी पावणेसातला शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. सव्वासातला तो मुलगा आला. सायकल लावली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. ती किल्ली खिशात जाताना मी पाहिली आणि मग माझे पाय थरथरले. त्याच दिवशी आईसोबत त्याला मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार ओपीडीत नेलं, पुढे उपचार नीट सुरू राहिले.

त्या दिवसापासूनचा नियम: नववा प्रश्न वाचल्याशिवाय एकही फॉर्म खोलीबाहेर जात नाही. आणि ज्यांच्याशी त्याच दिवशी बोलता येईल, तेवढ्याच मुलांचे फॉर्म त्या दिवशी भरायचे. 60 भरता येत असले तरी मी 20वर थांबते. यामुळे माझे प्रकल्प लांबतात, नमुना लहान राहतो, निबंध कमी होतात, आणि बढतीच्या वेळी निबंधच मोजतात. भाचीला यात यायचं असेल तर तिने हे आधीच ठरवावं. मुलाला असा प्रश्न विचारला की त्या दिवशी तिथे थांबणं हा संशोधनाचाच भाग आहे, ती कोणावर केलेली मेहरबानी नाही.

आता विचारा.

संत्र्याची_फोड

ताई, तो व्यनि माझाच. इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. सायकलच्या किल्लीपाशी मी थांबले, पुढचं थोड्या वेळाने वाचलं.

एक व्यवहाराचं विचारते. भाचीचे बाबा म्हणून राहिले आहेत की बी.एड. कर, शाळेत चिकट, हे संशोधन वगैरे पैसेवाल्यांचे धंदे. त्यांना काय सांगू?

अंबाझरी_काठ

त्यांची काळजी अगदी रास्त आहे, ती उडवून लावू नका. खरं ते सांगा.

नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता. दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे तिचीच वरची पायरी, 42,000. मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहू शकते. पण हे पैसे दर महिन्याला वेळेवर येतातच असं धरून चालू नका. मी ज्या संस्थेतून पीएच.डी. केली तिथे माझी फेलोशिप आठ महिने अडकली होती. कागद या टेबलावरून त्या टेबलावर. मी तेव्हा गोकुळपेठेत दहावीच्या दोन शिकवण्या घेऊन खोलीचं भाडं भरलं. जेआरएफ नसेल तर प्रकल्प सहायक म्हणून कंत्राटी काम मिळतं, पण प्रकल्प संपला की तेही संपतं. घरातून निदान वर्षभराचा आधार असावा, एवढं बाबांना मोकळेपणाने विचारा.

दुसरं, उपचार करायचे असतील तर वाट वेगळी आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, त्याचं शिक्षण वेगळं. संशोधनाला ती अट नाही. पण माझं मत असं की, ज्याने कधी रडणाऱ्या मुलासमोर तासभर बसून पाहिलेलं नाही, त्याने या विषयाचे फॉर्म बनवू नयेत. मी आधी दोन वर्षं शाळेत समुपदेशक होते, ती वर्षं आजही कामी येतात.

आणि नोकऱ्या थोड्या वाढतील असं दिसतं. 25 जुलै 2025च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं आहे.

गणिताच्या_बाई

मी हिंगण्याकडच्या एका शाळेत गणित शिकवते. वर्गात 68 मुलं. निकाल, पोषण आहार, निवडणुकीची कामं, आणि आता वरून म्हणतात मुलांच्या मनाकडेही शिक्षकांनीच लक्ष द्यायचं. एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र दिलं. ताई, मला मुलांची काळजी नाही असं नाही. पण ज्या मुलीला मी सकाळी गृहपाठ नाही म्हणून उभं केलं, ती दुपारी मला मनातलं सांगेल का?

अंबाझरी_काठ

बाई, तुम्ही जे अनुभवाने म्हणता आहात ते बिहारमध्ये तपासून झालं आहे. नालंदा जिल्ह्यात 74 शाळांमध्ये "सेहर" नावाचा मोठा अभ्यास झाला, 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एकच कार्यक्रम होता. काही शाळांत तो शिक्षकांनी राबवला, काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या साध्या, स्थानिक समुपदेशकाने, आणि काही शाळांत राबवलाच नाही. समुपदेशक होता तिथे शाळेतलं वातावरण सुधारलं, मुलांमधल्या नैराश्याच्या खुणा आणि मारामाऱ्या, छळ कमी झाले. शिक्षकांनी राबवला तिथे फरक दिसला नाही. यात शिक्षकांचा दोष मी मानत नाही. गुण देणारं माणूस आणि ऐकून घेणारं माणूस एकच असलं की मुलं गप्प बसतात. पुढच्या वेळी कोणी प्रमाणपत्र घेऊन आलं तर हा अभ्यास त्यांच्यापुढे ठेवा. आमच्या कामाचा शिक्षकांना काही उपयोग असेल तर तो एवढाच, की तुमचं म्हणणं आता पुराव्यासकट सांगता येतं.

जुना_धरमपेठकर

आपल्या तळमळीबद्दल आदर आहे. तरीही दोन शंका. एक म्हणजे, आमच्या पिढीने 46 अंशांच्या उन्हात सायकली मारून शिक्षण घेतलं, कोणी आमचे फॉर्म भरून घेतले नाहीत. हा त्रास खरंच वाढला आहे, की मोजायला लागलो म्हणून दिसतो आहे? दुसरी शंका जास्त महत्त्वाची. कोवळ्या मुलाला मरणाबद्दल विचारलं तर जे डोक्यात नाही ते आपण घालत नाही का?

अंबाझरी_काठ

काका, दुसरी शंका आधी घेते. जवळजवळ प्रत्येक पालकसभेत ती कोणीतरी विचारतं, आणि विचारायलाच हवी. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमध्ये दोन हजारांहून जास्त मुलांवर हे पाहिलं गेलं, 2005 साली ते छापून आलं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला हे प्रश्न विचारले, दुसऱ्याला नाही. विचारलेल्या मुलांचा त्रास वाढला नाही, त्यांच्यात तसे विचारही वाढले नाहीत. ज्यांना आधीपासून त्रास होता त्यांची घालमेल तर किंचित कमीच दिसली. माझ्या अनुभवातही मुलं या प्रश्नाला बिचकत नाहीत, आम्ही मोठेच बिचकतो. मात्र विचारून निघून जाणं वाईट, म्हणून वर तो 20 फॉर्मांचा नियम लिहिला.

पहिल्या शंकेबद्दल: वाढलं की दिसायला लागलं, हा वाद जगभर चालू आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण आज जे आहे ते पुरेसं जड आहे. निमहान्सने, म्हणजे बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात 13 ते 17 वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण 7.3 टक्के निघालं. मोठ्या शहरांत ते खेड्यांच्या जवळपास दुप्पट होतं. त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022च्या अहवालात देशभरात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, त्यातल्या 1,764 महाराष्ट्रातल्या. सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. हा आकडा मी वर्गात फळ्यावर कधीच लिहीत नाही. पालकसभेत मात्र सांगते.

नंदनवन_अभ्यासिका

ताई नमस्कार. माझी नंदनवनला अभ्यासिका आहे, 110 खुर्च्या. तुम्ही शाळा-शाळा करून राहिल्या, पण माझ्याकडचे पोट्टे 22 ते 28 वयाचे आहेत. गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ, सगळीकडून आलेले. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी. पहाटे पाचला येतात, रात्री अकराला जातात. यांच्यासाठी ना शाळा, ना कॉलेज, ना पालक जवळ. जाहिरात निघत नाही, परीक्षा पुढे जाते, वय निघून जाते. यांना कोण विचारते?

मी माझ्यापुरतं एक पाहून राहिलो. ज्या पोराचं काही बिघडलं असते तो यायचा बंद होत नाही. तो येते, पुस्तक उघडते, आणि संध्याकाळी पाहा तर तेच पान. महिन्याची फी मात्र वेळेवर देते. मागच्या मे महिन्यात एकाचं असं तीन आठवडे चाललं, माझ्या लक्षात उशिरा आलं. त्याच्या भावाला भंडाऱ्याहून बोलावून घेतलं, गावी पाठवलं. आता बरा आहे, फोन येते त्याचा.

टेलीमानस या सरकारी फोन-सेवेचा 14416 नंबर मी दाराजवळ फलकावर लावला होता. एकानेही फोन केल्याचं ऐकलं नाही. मग एका पोरानेच सांगितलं, "सर, तिथे उभं राहून नंबर टिपला तर सगळे पाहतात." मग तोच कागद पाण्याच्या मशीनच्या बाजूला लावला, जिथे बाटली भरायला दोन मिनिटं उभंच राहावं लागते. आता कागदाचा खालचा भाग फाटला आहे, तिथे मी नंबरच्या चिठ्ठ्या कापून ठेवल्या होत्या. सात गेल्या.

अंबाझरी_काठ

दादा, तुमची पोस्ट मी तीन वेळा वाचली. "तेच पान" ही खूण माझ्या कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. लक्ष न लागण्याचा प्रश्न आहे, पण तो मुलाला विचारलेला. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसतं, ते तुम्ही सांगितलंत.

तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे. मानसिक आजारांपैकी साधारण निम्मे वयाच्या 14व्या वर्षापर्यंत सुरू होतात आणि तीन चतुर्थांश 24पर्यंत, हे अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणातून 2005 मध्ये पुढे आलं. म्हणजे आमची शाळा संपते तिथून तुमच्या खुर्च्या सुरू होतात. आम्ही शाळेत जातो कारण तिथे परवानगी एकाच माणसाकडून मिळते आणि मुलं एका जागी सापडतात. ती आमची सोय झाली.

इतर वाचकांसाठी: टेलीमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, 24 तास, मराठीतही बोलता येतं. नंबर 14416.

मी एका रविवारी तुमच्याकडे येऊ का? फॉर्म न घेता. त्या पाण्याच्या मशीनपाशी उभी राहीन आणि मुलांना चालत असेल तर बोलेन.

नंदनवन_अभ्यासिका

हाव, नक्की या. रविवारी सराव पेपर असते, दुपारी दोननंतर पोट्टे मोकळे असतात. चहाच्या टपरीवर जास्त बोलतील, आत नाही.

मैत्री_क्लिनिकवाली

मी सरकारी रुग्णालयातल्या किशोरवयीन मुलांच्या मैत्री क्लिनिकमध्ये आहे. ताई, संमतीचं कसं करता? आमच्याकडे मुली येतात आणि पहिलं वाक्य असतं, "आईला सांगणार नाही न?"

अंबाझरी_काठ

18 वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची वेगळी होकार-सही, दोन्ही घेतो. पालकांनी हो म्हटलं आणि मुलाने मान हलवली नाही, तर तो फॉर्म होत नाही. मूल कोऱ्या फॉर्मवर बसून राहिलं तरी त्याला उठवत नाही, नाहीतर बाकीच्यांना कळतं कोणी नकार दिला ते.

गुप्ततेची मर्यादा सुरुवातीलाच, पहिल्या मिनिटाला सांगते: "तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्याशी वाईट वागत असेल तर मी एकटी ते ठेवू शकत नाही. कोणाला सांगायचं ते मात्र आधी तुलाच सांगेन." लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर 2012च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, संशोधकालाही. हे शेवटी सांगितलं तर मुलाला फसवल्यासारखं होतं.

एकदा एका शाळेने उलटा आग्रह धरला होता. कोणत्या मुलांचे गुण जास्त आले त्यांची नावं द्या, म्हणजे "आम्हाला लक्ष ठेवता येईल". मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी त्या शाळेने आम्हाला आत घेतलं नाही. एक वर्षाचा पाठपुरावा तिथेच तुटला. आजही तो प्रसंग आला तर मी नाहीच म्हणेन.

वाडीची_मी

ताई, मी ती भाची. मावशीने धागा पाठवला म्हणून खातं उघडलं. दोन भीती आहेत. माझं संख्याशास्त्र कच्चं आहे आणि इंग्रजीत लिहिताना हात अडतो. आणि मावशीचा प्रश्न राहूनच गेला: नागपुरात राहून होईल का?

अंबाझरी_काठ

ये गं. शेवटचं आधी. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत "विश्राम" नावाचं काम झालं. गावातल्याच माणसांना शिकवून नैराश्याबद्दल घरोघरी बोलणं, गरज असेल त्याला पुढे पाठवणं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. 2017 मध्ये ते लॅन्सेट सायकियाट्रीत आलं. ते मोठ्या माणसांबद्दल होतं, पण काम विदर्भातलं, शब्द विदर्भातले. बंगळूरला जाऊन शिकून ये, जरूर ये, निमहान्सची ग्रंथालयं आणि माणसं इथे नाहीत. पण मुलं इथे आहेत.

संख्याशास्त्र शिकता येतं. आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मी तिशीत शिकले. इंग्रजी सुधारणारे सहलेखक भेटतात. वाडीच्या मुलांची बोली मात्र बंगळूरचा सहलेखक तुला देऊ शकणार नाही.

बुधवारी आमच्याकडे ये. पहिले दोन महिने फॉर्म भरून घ्यायला मिळणार नाहीत. वर्गात मागे बसायचं आणि मुलं कोणत्या प्रश्नाला पेन थांबवतात ते टिपायचं, एवढंच काम.

वाडीची_मी

येते ताई. काल रात्री पीएचक्यूचे प्रश्न मी माझ्या लहान भावाला नुसते वाचून दाखवले, आठवीत आहे तो. उत्तरं नाही घेतली, तुम्ही वर लिहिलं तसं फक्त विचारलं की काय समजलं. "थकवा" ला तो थांबला आणि म्हणाला, "अंगाचा का डोक्याचा?" मी म्हटलं, तुला वेगळे वाटतात का? तर म्हणाला, "अंगाचा झोपलं की जाते."

अंबाझरी_काठ

हे त्याच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत लिहून ठेव. बुधवारी ती वही आण. आमच्या मराठी फॉर्ममध्ये तो प्रश्न अजून एकच आहे.